मिलका तेलिणीची हाक

फार वर्षांपूर्वी, खाडीवर पूल नव्हता आणि अलिबागेला जायचं तर भरतीची वाट बघावी लागायची, तेव्हाची ही गोष्ट. आमच्या करंजखारात त्या वेळी सतरा घरं आम्हा बेने इस्राएलांची, म्हणजे कोकणातल्या यहुद्यांची होती. गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं, कारण तेलाचे घाणे चालवायचे ते, आणि शनिवारी बैलाच्या मानेवर जू ठेवायचे नाहीत. शनिवारी कोणी भांडं घेऊन तेलाला आलं तर म्हणायचे, "उद्या ये." का, ते मात्र त्यांना नीट सांगता यायचं नाही. वाडवडील पाळत आले म्हणून पाळायचं.

वाडवडील समुद्रातून आले. गलबत खडकावर फुटलं, माणसं पोहत काठाला लागली आणि पोथ्या बुडाल्या, असं म्हणतात. माणसाला पोहता येतं, पोथीला येत नाही. तेव्हा आमच्याजवळ राहिलं ते एवढंच: प्रार्थनेची एक ओळ, शनिवार, बिनखवल्याचा मासा खायचा नाही हा नेम, आणि थोडी नावं. दाविद राजाचं नाव होतं, शलमोन राजाचं होतं, पण त्यांनी काय केलं ते विचारलं की म्हातारे खोकायला लागायचे. गोष्ट म्हणावी अशी एकच उरली होती, एलियाहू हन्नाबीची, आणि तीसुद्धा अर्धी.

हन्नाबी म्हणजे देवाचा शब्द राजाच्या तोंडावर सांगणारा माणूस. एलियाहू मेला नाही, अग्नीच्या रथात बसून जिवंत वर गेला, म्हणून तो अजून येतो-जातो, असं म्हणतात. घरात काही चांगलं झालं किंवा काही चांगलं व्हावंसं वाटलं की त्याच्या नावानं मलिदा करायचा. पोहे भिजवायचे, त्यात ओलं खोबरं आणि गूळ कालवायचा, वर फळं ठेवायची, आणि ताटांभोवती बसून कथा सांगायची.

कथा अशी. अहाब नावाचा राजा देवाला विसरला. एलियाहू दरबारात गेला आणि म्हणाला, "मी म्हणेपर्यंत पाऊस पडणार नाही. दंवसुद्धा पडणार नाही." एवढं बोलून तो निघून गेला. राजाला असं बोलल्यावर तिथं थांबण्यात शहाणपण नव्हतंच. तो एका ओढ्याकाठी राहिला. सकाळ-संध्याकाळ कावळे चोचीतून भाकरी आणून त्याला द्यायचे. मग ओढाही आटला. तेव्हा तो एका परक्या गावाच्या वेशीशी आला. तिथं एक विधवा काटक्या वेचत होती. तिच्याजवळ तो भाकर मागू लागला. ती म्हणाली, "बाबा, घरात मूठभर पीठ आहे आणि तळाशी थोडं तेल आहे. त्याची भाकर करीन, मी खाईन, माझा पोर खाईल, आणि मग आम्ही दोघं मरू." एलियाहू म्हणाला, "भिऊ नकोस. आधी मला कर." ती घरात गेली. पीठ काढलं, तेल घातलं, भाकर थापली आणि तव्यावर टाकली.

झालं, इथं कथा संपायची.

संपायची म्हणजे संपवली जायची. तव्यावर भाकर पडली की बायका मलिद्याची ताटं उचलायच्या, पोरं तुटून पडायची, पुरुष "वाढा, वाढा" म्हणायचे, आणि एकदा तोंडं भरली की कथा कोण ऐकतो! अब्राजीकाका म्हणून एक म्हातारा होता. त्याला पुढचं येत होतं म्हणे. तो हात वर करून ओरडायचा, "अरे, पुढं हाय! पुढं ऐका!" लोक भरल्या तोंडानं म्हणायचे, "पुढच्या वर्षी." अशी कितीतरी पुढची वर्षं गेली. मग अब्राजीकाका गेला, आणि त्याच्याबरोबर पुढचंही गेलं. पोथी समुद्रानं नेली, कथा आम्ही खाल्ली. दुसऱ्या कुणाला दोष द्यायला जागा नाही.

आता मिलकाचं सांगते.

मिलका ही बानाजी तेल्याची बायको. बानाजी तापानं गेला तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती. पदरात एक मुलगा, हायम. घाणा तिनं स्वतः चालवला. बाईनं घाण्यामागं फिरायचं नाही असं काही लोक म्हणाले, पण त्यांनाच तेल लागायचं, तेव्हा ते हळूहळू गप्प झाले. ती आणि हायम, घरात तिसरं माणूस नाही. मलिद्याला बसली की त्या विधवेच्या कथेत ती अशी शिरायची की समोरचं ताट विसरायची. विधवा, एक पोर, आणि तळाला गेलेलं तेल. दुसऱ्या कुणाची गोष्ट वाटणार तिला?

हायम लहान होता तेव्हापासून विचारायचा, "आये, मग ती दोघां मेली का?"

"मना काय ठावं, बाबा."

"आणि तेल? तेल संपला का?"

"अब्राजीकाकाला ठावं होता. आता कोण सांगंल?"

हायम वाढला. एकविसाव्या वर्षी खांद्यानं दारं भरायची, असा झाला. त्या साली तीळ करपले, घाणा दोन महिने कोरडा राहिला. बंदरात कोचीला जाणारं एक गलबत लागलं होतं. तिकडं दूर कोचीला आपल्यासारखीच माणसं आहेत आणि त्यांच्याजवळ पोथ्या शाबूत आहेत, असं खलाशी सांगायचे. हायमच्या मनानं घेतलं. गलबतावर काम करीन, चार पैसे आणीन, आणि येताना कथाही आणीन.

मिलका म्हणाली, "कथा ऱ्हाऊ दे. तू ये म्हणजे झाला."

तो हसला. "दोन्ही येतील, आये."

नारळी पौर्णिमेला समुद्र शांत झाल्यावर गलबत सुटलं. शिमग्याला त्याच्या मागून गेलेली गलबतं परत आली. ते आलं नाही. पावसाळा आला, बंदर बंद झालं. पुन्हा नारळी पौर्णिमा झाली, पुन्हा शिमगा झाला. हायम आला नाही.

पहिल्या वर्षी मिलका बंदरावर येणाऱ्या प्रत्येक खलाशाला विचारायची, "माझा हायम दिसला का?" ते खाली बघायचे. कुणी म्हणायचं वादळ होतं, कुणी म्हणायचं गोव्याच्या खाली एक गलबत उलटलं होतं, पण तेच की दुसरं कोण जाणे. खाली बघणारी माणसं बघून बघून तिला कंटाळा आला. तिनं हायमबद्दल विचारणं सोडलं. ती दुसरंच विचारू लागली.

गलबत लागलं की ती पाण्यात गुडघाभर उतरायची आणि म्हणायची, "भाऊ, एलियाहू हन्नाबीला भाकर देली त्या बाईचा पोर जगला का?"

खलाशी गोंधळायचे. अरबाला विचारायची, मलबाऱ्याला विचारायची, गोव्याच्या दर्यावर्द्यालाही विचारायची. गाव म्हणालं, मिलकाच्या डोक्यावर परिणाम झाला. झाला नव्हता. तिनं मनाशी एक ठरवलं होतं, आणि तिच्या शेजारणीला, नागूबाई कोळणीला, ते एकदा बोलूनही दाखवलं होतं: "तिचा जगला आसंल तर माझा जगला. तिचा मेला आसंल तर माझापण गेला. मंग मी रडून मोकळी होईन. पण ठावं झाल्याबिगर मना रडतापण येत नाय."

एवढं एकच तिला हवं होतं. लोकांना दया यायची. एकदा पंचांपैकी शमाजीनं तिला थांबवून सांगितलं, "मिलका, जगला गो तो. माझे आजानं सांगितलेला."

मिलकानं घागर खाली ठेवली. "कसा जगला?"

"जगला म्हणजे... जगला."

"खोटं नका बोलू, शमाजीमामा. तुमचे तोंडाला शोभत नाय," ती म्हणाली, आणि घागर उचलून गेली. शमाजी दोन दिवस घराबाहेर पडला नाही, असं म्हणतात.

अकरा वर्षं गेली. अकरा वर्षं म्हणायला सोपं आहे. मिलकाचे केस पांढरे झाले, तिचा बैल म्हातारा होऊन मेला, नवा बैल आला. हायमची थाळी ती रोज घासून पालथी घालायची. बंदरावर जायची ती मात्र एक दिवस चुकली नाही, शनिवार सोडून. शनिवारी विचारणंसुद्धा काम आहे असं ती म्हणायची.

बाराव्या वर्षी, दिवाळी सरल्यावर, एका गलबतातून एक परका माणूस उतरला. उंच, अंगात पांढरा झगा, दाढी लाल, आणि काखेत कापडात गुंडाळलेलं काहीतरी, जे तो बाळासारखं धरून होता. तो कोचीहून आला होता. त्याचं नाव मोर्दखाय. मराठी तो रेवदंड्याच्या बाजारात शिकला होता, आणि बाजारातलं मराठी बाजारातलंच असतं. प्रार्थनेबद्दल बोलतानासुद्धा तो घासाघीस करतोय असं वाटायचं. पण काखेतल्या कापडात पोथी होती. पूर्ण पोथी.

मिलका पाण्यात उभीच होती. तिनं विचारलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाय, गोष्ट मधी फोडून देणार नाही. आख्खी घ्यायची. शनिवारी सगळे बसा, मी वाचतो."

शनिवारपर्यंत चार दिवस होते. त्या चार दिवसांत गावाची झोप उडाली. पंच गुपचूप मोर्दखाय गुरुजींकडं गेले. शमाजी हात जोडून म्हणाला, "गुरुजी, तो पोर मेला आसंल तर तेवढा सांगू नका. जगला म्हणा. म्हातारी मरंल हो आमची."

मोर्दखाय म्हणाला, "पोथीत जे आहे ते वाचतो. कमी नाही, जास्त नाही." पंच मान खाली घालून परतले.

शनिवारी दुपार कलल्यावर सतराच्या सतरा घरं मिलकाच्या अंगणात बसली. मलिदा आदल्या दिवशीच्या तयारीनं ताटात सजला होता. कुंपणापलीकडं कोळी होते, आगरी होते, नागूबाई होती. मिलकाला ओळखत नाही असं गावात कुणी नव्हतं, तेव्हा जातीचा प्रश्नच नव्हता. मिलका घाण्याच्या दगडावर बसली. हात मांडीवर, नजर पोथीवर.

गुरुजी एक ओळ पोथीच्या भाषेत वाचायचे आणि मग आपल्या बाजारी मराठीत सांगायचे. अहाब राजा आला. दुष्काळ आला. कावळे आले. लोक माना डोलवत होते, आपली गोष्ट खरीच पोथीत आहे याचा त्यांना केवढा आनंद! वेशीवरची विधवा आली. तिनं पीठ काढलं, तेल घातलं, भाकर थापली, तव्यावर टाकली.

आणि सगळ्या बायकांचे हात ताटांकडं गेले.

वाईट हेतू नव्हता हो कुणाचा. हातांना सवय होती. पण मिलका उभी राहिली आणि असं ओरडली की बैलानं दावं ताणलं. "ठेवा ताटां खाली!"

ताटं खाली गेली. गुरुजींनी पुढं वाचलं. त्या घरातलं पीठ सरलं नाही. मडक्यातलं तेल संपलं नाही. पाऊस पडेपर्यंत ती, तिचा पोर आणि एलियाहू तिघंही रोज जेवले. अंगणात सुस्कारे सुटले. तेल संपलं नाही! तेल्यांच्या सतरा घरांना इतके दिवस कुणी हे सांगितलं नव्हतं. कुणी हसलं, कुणी डोळे पुसले. मिलका मात्र बसली नाही.

गुरुजींनी पान उलटलं. त्यांचा आवाज खाली गेला. "मग पुढं असं झालं, की त्या बायचा पोर आजारी पडला. ताप वाढला, वाढला. आणि त्याच्यात श्वास उरला नाही."

कुंपणापलीकडं नागूबाईनं पदर तोंडात धरला. शमाजीला राहवलं नाही. तो उठून म्हणाला, "पुरे, गुरुजी. पुरे झाला. ताटां फिरवा गो बायांनो." बायकांनी लगबगीनं ताटं उचलली. ह्या खेपेला ती भुकेनं उचलली नव्हती. मिलकाकडं बघवत नव्हतं म्हणून उचलली होती.

मिलका म्हणाली, "मामा, खाली बसा."

"पण मिलका..."

"बसा म्हणत्ये ना! आपले बापजाद्यांनी तोंडां भरली नि गोष्ट घालवली. तुम्ही माझे मायेनं घालवताव. गोष्ट जायाची ती जातेच." मग ती गुरुजींकडं वळली. "मेला तर मेला. पण मना सगळा ऐकू द्या. पुढं काय हाय?"

"पुढं आहे," गुरुजी म्हणाले, आणि त्यांनी वाचलं. ती विधवा एलियाहूशी भांडली. म्हणाली, तू देवाचा माणूस ना, मग माझ्या पोराला मारायला आलास का? एलियाहू म्हणाला, तो पोर माझ्याकडं दे. त्यानं तो पोर तिच्या मांडीवरून उचलला, माडीवर नेला, आपल्याच अंथरुणावर निजवला. मग तो स्वतः देवाशी भांडला. तीन वेळा त्या पोरावर पालथा पडला, तीन वेळा त्यानं हाक मारली: देवा, ह्याचा जीव ह्याला परत दे. आणि देवानं ऐकलं. एलियाहूनं पोराला माडीवरून खाली आणलं, त्याच्या आईच्या हातात दिलं आणि म्हणाला, "बघ. तुझा पोर जगला."

मिलका अंगणातून निघाली, खाडीच्या वाटेला लागली. गुरुजी पोथी छातीशी धरून तिच्या मागं, त्यांच्या मागं सतरा घरं, त्यांच्या मागं कोळी आणि आगरी. ओहोटी लागली होती, पाणी दूर गेलं होतं, चिखलावर कलतं ऊन पडलं होतं. मिलका काठाला उभी राहिली आणि तिनं हाक मारली.

"हायाऽऽम!"

त्या पहिल्या वर्षानंतर तिनं ते नाव मोठ्यानं घेतलं नव्हतं. पाणी तसंच होतं.

"हायाऽऽम!"

खारफुटीतले बगळे उडाले, असं म्हणतात.

"हायाऽऽम रे!"

तेव्हा खाडीच्या पलीकडून, तिवरांच्या मागून, ओ आली.

"ओऽऽ!"

एकट्या मिलकानं ऐकली असती तर भास म्हटलं असतं. सगळ्यांनी ऐकली. गुरुजींनी ऐकली. घसा थोडा बसलेला, पुरुषाचा आवाज, आई बोलावते आणि पोर हातातलं काम टाकून ओ देतं तशी ओ. ओहोटीचं पाणी जिथल्या तिथं थांबलं आणि मागं वळून भरू लागलं, असंही म्हणतात.

कोळ्यांनी होड्या लोटल्या. पलीकडचा काठ पालथा घातला, तिवरं पालथी घातली, दिवेलागण होईपर्यंत शोधलं. कुणी नव्हतं. चिखलात पाऊलही नव्हतं. माणसं ओलीचिंब, ओशाळून परत आली. मिलका त्यांच्यासाठी मलिद्याची ताटं घेऊन उभी होती. तिनं एकेकाला वाढलं. नागूबाईला म्हणाली, "ओ देली ना त्यानं? मंग झाला. आता तो कुठं पण आसू दे." आणि मग ती रडली. अकरा वर्षांचं रडली, नागूबाईच्या खांद्यावर डोकं ठेवून, आणि कुणी तिला गप्प केलं नाही.

त्यानंतर ती वीस वर्षं जगली. घाणा चालवला. बंदरावर पुन्हा गेली नाही.

हायम पुढं आला का, असं तुम्ही विचारणार, मला माहीत आहे. कुणी म्हणतात आला, दोन वर्षांनी, एक पाय गमावून, अरबस्तानातून. कुणी म्हणतात कधीच आला नाही. नागूबाईच्या घरचे म्हणतात, ती ओ धर्मा कोळ्याची होती. तो पलीकडं खेकडे धरत होता, त्याला म्हातारीची हाक ऐकवली नाही, आणि त्यानं हे मरताना सांगितलं. कुणी असंही म्हणतात की त्या दिवसापासून मिलकाच्या मडक्यातलं तेल कधी तळाला गेलं नाही. ह्यातलं तेलाचं मी फारसं धरत नाही, तेल्यांनी तेलाचं कौतुक सांगायचं म्हणजे दह्याला गोड म्हणणारी गवळण. पण ओ मी धरते. हायमची होती असं मी मानते. आणि धर्माची असली, तर त्या घटकेला धर्माच्या तोंडी एलियाहू हन्नाबी होता. त्याला येता-जाता कुठं कुणाची परवानगी लागते?

आता आमच्या करंजखारात सतरातली तीनच घरं उघडी आहेत. बाकीची दारं बंद करून माणसं इस्राएलला गेली, अश्दोदला, लोदला, दिमोनाच्या वाळवंटात. जिकडून आलो तिकडं गेलो म्हणतात. गेले तेही रडले आणि राहिलो तेही रडलो. पण दिवाळी सरल्यावरच्या पहिल्या शनिवारी मिलकाच्या नावाचा मलिदा अजून होतो. कथा सांगणारा कोण असेल तो असो, मधे कुणी ताटाला हात लावत नाही. खाडीकडं तोंड करून बसायचं. "तुझा पोर जगला" हे शब्द आले की ज्यांचं कुणी दूर आहे त्यांनी उठायचं आणि त्याचं नाव घेऊन तीन हाका मारायच्या. आमच्या तीन घरांतली माणसं मारतात. कोळणी दर्यावर गेलेल्या मुलांची नावं घेतात. आगऱ्यांच्या सुना माहेरच्या बहिणींची घेतात. गेल्या वर्षी एका मास्तरांनी आपल्या गेलेल्या बायकोचं नाव घेतलं. कुणी काही म्हटलं नाही.

मी माझ्या बहिणीचं घेते, दिनाचं. ती लोदला असते, एकोणचाळीस वर्षं झाली. फोन आहेत, मान्य आहे, दर शुक्रवारी बोलतो आम्ही. पण फोनवर हॅलो येतो, ओ येत नाही.

तिसरी हाक झाली की सगळं अंगण गप्प बसतं आणि ऐकतं. पोरंसुद्धा. किती वेळ, ते ठरलेलं नाही. पोहे सुकायला लागतात, माश्या येतात, तरी कुणी ताट उचला म्हणत नाही.